गोचीडताप : एक दंश, अनेक चेहरे

प्रतिनिधी

ताप हा रोग नसून रोगाचे लक्षण आहे, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. तरीही ताप आला की घरात आणि दवाखान्यात ठरलेलीच नावे पुढे येतात : मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड आणि पावसाळा असेल तर लेप्टो. रक्त तपासणीला जाते, अहवाल 'निगेटिव्ह' येतो आणि 'व्हायरल आहे, चार दिवसांत बरे वाटेल' असे सांगून रुग्णाला घरी पाठवले जाते. बहुतेक वेळा ते खरेही ठरते. मात्र काही रुग्णांच्या तापाचे मूळ तिळाएवढ्या, आठ पायांच्या एका जिवात असते. तो जीव म्हणजे गोचीड.

गोचिडीमुळे होणारे संसर्ग वैद्यकशास्त्राला नवे नाहीत. तरीही त्यांचे निदान आजही चुकते किंवा उशिरा होते. याची कारणे तीन आहेत. एक, गोचिडीच्या दंशातून विषाणू, जिवाणू आणि परजीवी अशा अगदी भिन्न प्रकारच्या रोगजंतूंचा शिरकाव होऊ शकतो. दुसरे, एकच रोगजंतू वेगवेगळ्या रुग्णांत वेगवेगळे रूप घेतो. आणि तिसरे, रक्ताची चाचणी कोणत्या दिवशी केली यावर तिचे उत्तर अवलंबून असते. या तिन्ही अडचणींवर मात करणारा एक साधा उपाय उपलब्ध आहे. 'गेल्या दोन-तीन आठवड्यांत तुम्ही कुठे गेला होता, काय काम केले, घरी जनावरे आहेत का' हा प्रश्न डॉक्टरांनी विचारणे आणि तो विचारला गेला नाही, तर रुग्णाने स्वतःहून सांगणे.

न कळणारा दंश

गोचीड हा कीटक नव्हे. कोळी आणि विंचू ज्या वर्गात मोडतात, त्याच वर्गातील हा जीव आहे. अंडे, अळी, बालगोचीड आणि प्रौढ अशा तिच्या चार अवस्था. अंड्यातून बाहेर पडलेल्या अळीला सहा पाय असतात, पुढच्या अवस्थांत ते आठ होतात. प्रत्येक टप्प्यावर पुढे जाण्यासाठी तिला रक्त लागते. उंदीर-घुशी, पक्षी, माकडे, गाई-म्हशी, कुत्री आणि वाटेत आलाच तर माणूस, असे तिचे यजमान बदलत असतात. एका यजमानाकडून घेतलेला रोगजंतू पुढच्या यजमानापर्यंत पोचतो तो असा.

डास चावला तर खाज सुटते आणि तो चावल्याचे लक्षात राहते. गोचिडीचे तसे नसते. तिच्या लाळेत वेदना जाणवू न देणारे आणि रक्त गोठू न देणारे घटक असतात. ती कातडीत तोंड रुतवून तासन् तास, प्रसंगी काही दिवस चिकटून राहते. त्यातही माणसाला रोग देणारी अवस्था बहुधा बालगोचिडीची असते आणि ती खसखशीच्या दाण्यापेक्षा फारशी मोठी नसते. काखेत, जांघेत, केसांत किंवा गुडघ्यामागे बसलेली ही बालगोचीड पोट भरल्यावर आपोआप गळून पडते. साहजिकच 'गोचीड चावली होती का' या प्रश्नाला अनेक रुग्ण प्रामाणिकपणे 'नाही' असे उत्तर देतात. ते 'नाही' निर्णायक मानता येत नाही, हा या रोगांच्या निदानातील पहिला धडा.

क्यासनूरचे जंगल ते दोडामार्ग

आपल्या परिसरातील गोचीडजन्य रोगांत सर्वांत महत्त्वाचा रोग माकडतापाचा. १९५७ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूर जंगलाच्या आसपास माकडे मोठ्या संख्येने मरू लागली आणि त्याच सुमारास गावकरी तापाने आजारी पडले. हा पीतज्वर तर नव्हे, अशी भीती प्रथम व्यक्त झाली. पुण्यातील विषाणू संशोधन केंद्राने नमुने तपासले, तेव्हा हा एक नवाच विषाणू असल्याचे स्पष्ट झाले. जंगलाच्या नावावरून त्याला 'क्यासनूर फॉरेस्ट डिसीज' हे नाव मिळाले. कन्नडमध्ये लोक त्याला 'मंगन कायिले' म्हणतात. कोकणात तो माकडताप झाला. पुण्याचे ते केंद्र पुढे १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाऊ लागले.

अनेक दशके हा रोग कर्नाटकाच्या काही जिल्ह्यांपुरता मर्यादित होता. २०१२ नंतर चित्र बदलले. बंदीपूर, नीलगिरी, वायनाड असा त्याचा माग दक्षिणेकडे लागला. २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले. २०१७ मध्ये सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरालाही त्याची झळ बसली.

या रोगाचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे असा असतो. बालगोचिडींची संख्या जंगलात याच काळात वाढते आणि माणसाचा जंगलातील वावरही याच काळात वाढतो. काजूची बी गोळा करणे, सरपण आणणे, शेतासाठी पातेरा जमा करणे, गुरे चारणे ही सारी कामे कोरड्या दिवसांतली. माकड मेले, की त्याच्या अंगावरील गोचिडी खाली पालापाचोळ्यात उतरतात आणि ती जागा काही काळ संसर्गाचे केंद्र बनते. म्हणूनच मेलेले माकड दिसले, तर हात न लावता ते आरोग्य केंद्राला किंवा वन खात्याला कळवणे हे केवळ नागरिकाचे कर्तव्य नव्हे, तर गावाला मिळालेली आगाऊ सूचना असते. माकडाच्या मृत्यूची बातमी वेळेवर पोचली, तर त्या परिसरात कीटकनाशक भुकटी टाकता येते आणि लोकांना काही काळ तिकडे जाण्यापासून रोखता येते.

दुसऱ्यांदा चढणारा ताप

गोचीड चावल्यानंतर तीन ते आठ दिवसांत माकडतापाची सुरुवात होते, तीही अचानक. थंडी वाजून चढलेला ताप, कपाळाच्या बाजूची तीव्र डोकेदुखी, कंबर आणि पोटऱ्या पिळवटून काढणारी अंगदुखी, लालसर डोळे, उलट्या-जुलाब. रक्तातील पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घटतात, रक्तदाब खाली येतो. काहींना नाकातून, हिरड्यांतून किंवा शौचावाटे रक्तस्राव होतो. हे वर्णन वाचून कोणाच्याही मनात डेंग्यू येईल. त्यात आश्चर्य नाही. दोन्ही विषाणू एकाच कुळातले आहेत.

रुग्णागणिक फरक पडतो तो इथून पुढे. बहुतेक रुग्ण एक-दोन आठवड्यांत सावरतात, पण अशक्तपणा आणि स्नायूंचे दुखणे कित्येक आठवडे मागे राहते. काजूच्या हंगामावर वर्षाची गुजराण असणाऱ्या कुटुंबाला हे आठवडे फार महाग पडतात. सुमारे दहा ते वीस टक्के रुग्णांत मात्र वेगळेच घडते. ताप उतरतो, रुग्ण घरी जातो, आठवडा-दोन आठवडे बरे जातात आणि ताप पुन्हा चढतो. या दुसऱ्या फेरीत मेंदूवर परिणाम होतो. असह्य डोकेदुखी, मान ताठरणे, हातांना कंप, नजर धूसर होणे, बरळणे अशी लक्षणे दिसतात. या वेळी रुग्ण दुसऱ्याच डॉक्टरांकडे गेलेला असेल, तर त्यांच्यासमोर मेंदूज्वराचा एक नवा रुग्ण असतो. आधीच्या तापाशी त्याचा धागा जोडणारे कोणी नसते. माकडतापात मृत्यूचे प्रमाण साधारण तीन ते पाच टक्के मानले जाते.

चाचणीची अडचण याहून सूक्ष्म आहे. आजाराच्या पहिल्या काही दिवसांत विषाणू रक्तात फिरत असतो, तेव्हा 'पीसीआर' ही चाचणी त्याला पकडते. पुढे शरीर प्रतिपिंडे तयार करू लागते, विषाणू रक्तातून नाहीसा होतो आणि मग प्रतिपिंडे शोधणारी 'एलायझा' चाचणी उपयोगी पडते. पहिल्या दिवशी केलेली एलायझा किंवा तिसऱ्या आठवड्यात केलेली पीसीआर 'निगेटिव्ह' आली, म्हणून रोग नाही असे ठरत नाही. दोन्ही चाचण्या पुण्याच्या संस्थेने विकसित केल्या आहेत. मात्र हा विषाणू हाताळण्यासाठी उच्च दर्जाच्या सुरक्षित प्रयोगशाळा लागतात. कोपऱ्यावरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये हे काम होत नाही. त्यामुळे 'माकडताप असू शकेल' अशी शंका डॉक्टरांच्या मनात आल्याखेरीज नमुना योग्य ठिकाणी पोचतच नाही.

या विषाणूवर नेमके औषध नाही. शरीरातील पाण्याचे प्रमाण आणि रक्तदाब सांभाळणे, रक्तस्रावावर लक्ष ठेवणे, ॲस्पिरिनसारखी रक्तस्राव वाढवणारी वेदनाशामके टाळणे हाच उपचार. कर्नाटकात १९९० पासून एक लस दिली जात होती. परंतु तिची परिणामकारकता अपुरी ठरल्याने २०२२ च्या सुमारास तिचा वापर थांबला. नव्या लशीसाठी देशात प्रयत्न सुरू आहेत.

तळहातावरचे पुरळ

माकडताप जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांचा, मग शहरातल्या माणसाने निर्धास्त राहावे का? तसे नाही. कुत्र्याच्या अंगावर आढळणारी तपकिरी गोचीड शहरातही सर्वत्र असते आणि ती 'इंडियन टिक टायफस' या रोगाचा प्रसार करू शकते. नावात टायफस असले, तरी टायफॉइडशी याचा संबंध नाही. 'रिकेट्सिया' गटातील अतिसूक्ष्म जिवाणू हे याचे कारण. हे जिवाणू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींत शिरतात. रक्तवाहिन्या शरीरभर असल्यामुळे त्वचा, फुफ्फुसे, यकृत, मूत्रपिंड, मेंदू अशा कोणत्याही अवयवावर त्याचा परिणाम दिसू शकतो.

या रोगाची ओळख पटवणारी खूण म्हणजे पुरळ. ते हातापायांवर सुरू होते आणि तळहात व तळपायांवरही उमटते. गोवर किंवा औषधाची ॲलर्जी समजून त्याकडे दुर्लक्ष होते. काहींच्या अंगावर दंशाच्या जागी काळी खपली दिसते, पण ती काखेत किंवा केसांत दडलेली असेल, तर शोधल्याशिवाय सापडत नाही. सावळ्या त्वचेवर पुरळ सहज दिसत नाही. काही रुग्णांत ते उशिरा येते, तर काहींत येतच नाही.

प्रयोगशाळेकडून इथेही लगेच उत्तर मिळत नाही. 'वेल-फेलिक्स' ही १९१६ पासून वापरात असलेली स्वस्त चाचणी अनेक ठिकाणी केली जाते, पण ती कित्येक रुग्ण हुकवते. अधिक विश्वासार्ह चाचण्याही प्रतिपिंडांवर आधारलेल्या असल्याने बहुधा दुसऱ्या आठवड्यात 'पॉझिटिव्ह' होतात. रुग्ण मात्र त्याआधीच गंभीर होऊ शकतो. या कोंडीतून वाट काढण्यासाठी अकोल्यातील बालरोगतज्ज्ञांनी २०११ मध्ये लक्षणे आणि साध्या तपासण्यांना गुण देऊन निदानाचा अंदाज बांधण्याची पद्धत मांडली. मुलाचा जनावरांशी किंवा गोचिडांशी आलेला संबंध आणि तळव्यांवरचे पुरळ यांसारख्या गोष्टींना त्यात महत्त्व आहे. म्हणजेच इथेही भर आहे तो विचारपूस आणि निरीक्षण यांवर.

विरोधाभास असा, की निदानाला अवघड असलेल्या या रोगाचा उपचार सोपा आणि स्वस्त आहे. 'डॉक्सिसायक्लिन' हे जुने प्रतिजैविक वेळेवर सुरू झाले, तर साधारण दोन-तीन दिवसांत ताप उतरू लागतो. पण तापावर सर्रास दिली जाणारी पेनिसिलिन किंवा सेफालोस्पोरिन गटातील महागडी इंजेक्शने या जिवाणूवर निष्प्रभ ठरतात आणि सल्फा गटातील औषधांनी आजार बळावू शकतो. लहान मुलांचे दात डागाळतील या जुन्या समजुतीने डॉक्सिसायक्लिन टाळले जाते. परंतु अशा गंभीर आजारात त्याचा अल्पकालीन वापर मुलांमध्येही सुरक्षित मानला जातो. गर्भवतींच्या बाबतीत निर्णय तज्ज्ञांनी घ्यायचा असतो. अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करावेत, असे ज्या मोजक्या रोगांबाबत सांगितले जाते, त्यांत याची गणना होते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात ज्या स्क्रब टायफसने खळबळ उडवली, तो याचा चुलतभाऊ म्हणता येईल. मात्र तो गोचिडीमुळे नव्हे, तर गवतातील माइट या त्याहून सूक्ष्म जिवाच्या अळीमुळे होतो. काळी खपली, उशिरा कळणारी चाचणी आणि डॉक्सिसायक्लिन या तिन्ही गोष्टी मात्र दोन्हीकडे समान आहेत.

रुग्णालयातच पसरणारा संसर्ग

जानेवारी २०११ मध्ये गुजरातमध्ये 'क्रिमियन-काँगो' रक्तस्रावी तापाचे निदान झाले. भारतात या रोगाची खात्री पटण्याची ही पहिलीच वेळ. अहमदाबाद जिल्ह्यातील एका महिलेचा मृत्यू झाला आणि पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही दगावले. पहिल्या रुग्णाचा रोग काय आहे हे कळले, तोवर संसर्ग रुग्णालयात पोचला होता.

या रोगाची गोचीड गुराढोरांच्या अंगावर असते. जनावर आजारी दिसत नाही, त्यामुळे मालकाला शंका येत नाही. माणसाला मात्र गोचिडीच्या दंशातून, गोचीड बोटांनी चिरडल्याने किंवा जनावराच्या रक्ताशी संपर्क आल्याने बाधा होते. गुराखी, पशुवैद्यक आणि कत्तलखान्यातील कामगार यांना धोका अधिक. जागतिक आरोग्य संघटनेनुसार यातील मृत्यूचे प्रमाण दहा ते चाळीस टक्के आहे. 'रिबाव्हिरिन' हे औषध दिले जाते, परंतु त्याच्या उपयुक्ततेबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. माकडताप एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, हा मात्र रक्त आणि स्रावांतून होतो. दोन्ही तापांची सुरुवात सारखीच असते. म्हणून 'घरी गुरे आहेत का' हा प्रश्न इथे रुग्णाइतकाच परिचारिकेच्याही जिवाचा असतो.

एका गोचिडीचे दोन रोग

अमेरिकेच्या ईशान्य भागात, न्यू जर्सी, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स या राज्यांत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात आणि त्यांचे आईवडील उन्हाळ्यात तिकडे जातात. त्यांना लाइम हा शब्द परिचित असेल. १९७५ च्या सुमारास कनेक्टिकटमधील लाइम गावात अनेक मुलांचे सांधे सुजल्याचे आढळले. शोध घेता घेता संशय गोचिडीवर आला आणि १९८२ मध्ये विली बर्गडॉर्फर यांनी कारणीभूत जिवाणूचा शोध जाहीर केला.

लाइमची ओळख म्हणजे दंशाभोवती पसरत जाणारे लाल वर्तुळ. ते सुमारे सत्तर ते ऐंशी टक्के रुग्णांत दिसते, पण सावळ्या त्वचेवर ते फिके, जखमेच्या वणासारखे वाटू शकते. ते हुकले, तर पुढे कोणाचा चेहरा एका बाजूला वाकडा होतो, कोणाच्या हृदयाचे ठोके मंदावतात, तर कोणाचा गुडघा काही महिन्यांनी सुजतो. एकाच जिवाणूचे हे तीन रुग्ण मेंदूविकार, हृदयविकार आणि अस्थिरोग अशा तीन वेगवेगळ्या तज्ज्ञांकडे जातात. वर्तुळ दिसत असताना केलेली रक्तचाचणी बहुधा 'निगेटिव्ह'च येते, म्हणून त्या टप्प्यावर निदान डोळ्यांनी करायचे असते.

तीच गोचीड 'बबेसिया' नावाचा परजीवीही वाहते. तो मलेरियाप्रमाणे तांबड्या पेशींत राहतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली मलेरियाच समजला जाऊ शकतो. तरुण, धडधाकट माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. मात्र ज्याची प्लीहा काढलेली आहे, जो वयोवृद्ध आहे किंवा ज्याची प्रतिकारशक्ती औषधांमुळे दबलेली आहे, त्याच्या जिवावर बेतू शकते. एकाच दंशातून लाइम आणि बबेसिया दोन्ही झाले आणि डॉक्टरांनी फक्त लाइम ओळखला, तर डॉक्सिसायक्लिनने लाइम बरा होतो, पण ताप हटत नाही. बबेसियाला वेगळी औषधे लागतात. उपचार चालू असूनही ताप कायम राहिला, तर औषध बदलण्याआधी निदान पुन्हा तपासावे, हे यातून शिकायचे.

लाइमचे उपचार पूर्ण झाल्यावरही पाच ते दहा टक्के रुग्णांना थकवा, अंगदुखी, विसराळूपणा असा त्रास काही महिने होतो. त्यांचा त्रास खरा असतो. परंतु महिनोन् महिने प्रतिजैविके घेतल्याने त्यात टिकाऊ फायदा होत नाही, उलट दुष्परिणाम वाढतात, असे नियंत्रित चाचण्यांत दिसून आले आहे. 'तुम्हाला काही झालेले नाही' आणि 'वर्षभर औषध घ्या' या दोन्ही टोकांपासून अशा रुग्णाला जपावे लागते.

विचारायचा प्रश्न, द्यायचे उत्तर

माकडतापावर औषध नाही, पण वेळेवर देखरेख जीव वाचवते. टिक टायफसवर औषध आहे, पण त्याचे नाव आठवावे लागते. क्रिमियन-काँगोत रुग्णाइतकेच त्याची शुश्रूषा करणाऱ्यांना वाचवायचे असते. बबेसियात उपचाराच्या अपयशातून निदान गवसते. प्रत्येक ठिकाणी यंत्रापेक्षा माहितीने आधी दिशा दाखवली आहे. दवाखान्यातील गर्दीत डॉक्टरांना प्रत्येक रुग्णासाठी काही मिनिटेच मिळतात. त्या मिनिटांत 'ताप आहे' याबरोबर 'मागच्या आठवड्यात गावी काजूच्या बागेत होतो' हे एक वाक्य रुग्णाने सांगितले, तर निदानाचा अर्धा रस्ता तिथेच सरतो.

हे लक्षात ठेवा

- जंगलात, बागेत किंवा गोठ्यात जाताना अंगभर कपडे घाला, विजार मोज्यांत खोचा आणि उघड्या त्वचेला गोचीडरोधक तेल किंवा मलम लावा. परतल्यावर कपडे गरम पाण्यात धुवा आणि स्नान करताना सर्वांग तपासा. मुलांचे केस आणि कानामागची जागा विसरू नका.
- गोचीड चिकटलेली आढळल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर, सावकाश ओढा. रॉकेल, चुना, तंबाखूचे पाणी किंवा पेटती काडी यांचा प्रयोग करू नका. उघड्या बोटांनी ती चिरडू नका. जागा साबणाने धुवा आणि तारीख लिहून ठेवा.
- पाळीव कुत्र्याच्या आणि गुरांच्या गोचिडांचा बंदोबस्त पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित करा.
- दंशानंतर किंवा अशा ठिकाणाहून परतल्यावर तीन-चार आठवड्यांत ताप, पुरळ किंवा तीव्र डोकेदुखी झाल्यास डॉक्टरांना प्रवास, काम आणि जनावरांचा संपर्क स्वतःहून सांगा. प्लीहा काढलेली असल्यास, गर्भवती असल्यास किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असल्यास तेही सांगा.
- पहिला अहवाल 'निगेटिव्ह' आला आणि ताप कायम राहिला, तर चाचणी पुन्हा करावी का, हे विचारा. उतरलेला ताप आठवड्या-दोन आठवड्यांनी परतला, तर आधीची कागदपत्रे सोबत घेऊन जा.
- स्वतःच्या मनाने प्रतिजैविके किंवा वेदनाशामके घेऊ नका.